काळी, पांढरी आणि निळी रेषा

सांगलीत नदीकडच्या एका वस्तीत एका निवृत्त शिक्षकाचे घर आहे. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन आडव्या रेघा ओढलेल्या आहेत आणि प्रत्येकीसमोर पेन्सिलीने साल लिहिले आहे. सर्वांत खालची रेघ २००५ ची, तिच्या वर २०२१ ची आणि सर्वांत वर, उभ्या माणसाच्या डोक्यालाही ओलांडून जाणारी, २०१९ ची. नातवंडांची उंची ज्या हौसेने भिंतीवर मोजतात, त्याच हौसेने या रेघा काढल्या असाव्यात, असे प्रथम वाटते. प्रस्तुत लेखकाने तसे विचारले तेव्हा गुरुजी हसले आणि म्हणाले, "घर बांधताना कोणी सांगितले असते तर रेघा काढायची वेळ आली नसती."

कोणी सांगायला हवे होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. पर्यावरणाला पोषक अशा इमारतींची चर्चा अलीकडे पुष्कळ होते. छतावर सौरपट्टे असावेत, पावसाचे पाणी साठवावे, उन्हाच्या बाजूला खिडक्या कमी असाव्यात, सिमेंटऐवजी कमी इंधनात तयार होणारी सामग्री वापरावी, या सूचना योग्यच आहेत. परंतु घर कशाचे बांधावे या प्रश्नाच्या आधी ते कोठे बांधावे हा प्रश्न येतो, आणि आपल्या धोरणात नेमका तोच मागे पडला आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हे जितके स्पष्ट दिसते तितके महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसेल.

हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, नदी मात्र एकच राहिली. जुन्या महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली येते, कराडला तिला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा मिळते आणि सांगली ओलांडताच हरिपूरला वारणा येऊन भिडते. वारणा फुगलेली असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही व सांगलीत चढते. पावसाचे वाटपही असेच विषम आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. त्याच दोन जिल्ह्यांतील माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. एका टोकाला भिंतीला महिनोन्‌महिने ओल, दुसऱ्या टोकाला छपराखाली भट्टी आणि मध्ये पूर. या तिन्ही ठिकाणी आज जवळजवळ एकाच नकाशाचे, एकाच सिमेंट-सळईचे घर उभे राहते, हे आपल्या बांधकामशास्त्राचे कर्तृत्व म्हणावे की विस्मरण, हे वाचकांनीच ठरवावे.

जुलै २०२१ मधील एकच प्रसंग पाहावा. २२ आणि २३ तारखेला महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सांगली शहरात साऱ्या वर्षात साधारण जेवढा पाऊस पडतो, जवळजवळ तेवढा हा एका दिवसाचा पाऊस होता. त्याच सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगराचे कडे घरांवर आले व माणसे गाडली गेली. आणि दोन-तीन दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५५ फुटांच्या घरात पोहोचले. हा पूल १९२९ सालचा. त्याच्यापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर गेले. वरच्या टोकाला मृत्यू दरडीच्या रूपाने आला, खालच्या टोकाला पाणी घरात शिरले. पाऊस तोच होता. तरीही वरच्या आपत्तीची नोंद एका जिल्ह्याच्या दप्तरात व खालच्या आपत्तीची दुसऱ्याच्या दप्तरात होते, आणि वरती डोंगर फोडण्याची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला खालच्या पुलाची फूटपट्टी पाहण्याचे कारणच उरत नाही.

आपल्या जुन्या गावरचनेत दोन साधे शब्द होते. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. हे शब्द नुसते रंगाचे नव्हेत. काळ्या मातीत पीक येते, पण तिच्यावर भिंत टिकत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाया हलवते. म्हणून वस्ती उंचवट्यावर, पांढरीवर करायची. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती त्याच उंचवट्यावर साठत जायची आणि त्याच पांढऱ्या मातीने नव्या भिंती लिंपायच्या, धाबे घालायचे. काळीवर घर बांधणे हे पिकाचे नुकसान आणि घराचेही, एवढी समज या दोन शब्दांत सामावली होती. आज काळ्या मातीवर बांधण्याचे तंत्र उपलब्ध आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर केलेल्या खांबांचा पाया याच मातीसाठी विकसित केला. पण तो खर्च करणारा माणूस वेगळा, आणि काळीतला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा घेणारा कारकून वेगळा.

मात्र येथे जुन्याची आरती ओवाळण्याचा मोह टाळला पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंतींनीच माणसे चिरडली. तोपर्यंत दख्खनचे पठार अचल आहे असे पुस्तकांतून शिकवले जात होते. त्या पहाटेनंतर भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला हेच अधिक भयंकर प्रमाणात घडले. जाड धाब्याच्या ओझ्याखाली गावेच्या गावे नाहीशी झाली. २०१९ च्या पुरातही मातीच्या भिंती चार-पाच दिवस पाण्यात राहिल्या आणि विरघळून बसल्या. शेजारचे सिमेंटचे घर चिखलाने भरले, पण उभे राहिले. ज्याच्या घरात बायकामुले झोपतात त्याला सिमेंट हवे असते, यात त्याचे काही चुकत नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्के आहे, ही गोष्ट त्याला सांगून काही उपयोग नाही. दगडमातीच्या भिंतीलाही जोत्याशी, दारे-खिडक्यांच्या माथ्याशी आणि छताखाली सलग पट्टा घातला व कोपऱ्यांत उभ्या सळया दिल्या तर ती भूकंपात कितीतरी अधिक तग धरते, हे त्याला त्याच्या गवंड्याने दाखवून दिले पाहिजे. गवंड्याला ते शिकवणारी व्यवस्था मात्र तालुक्याच्या ठिकाणीही सहसा आढळत नाही.

दुसरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. नदीकाठची जुनी गावठाणेही २०१९ साली बुडाली. सांगलीचा गावभाग जुनाच आहे, पण पाणी तेथेही चढते. तथापि यात एक भेद आहे. नदी दर पुराबरोबर आपल्या काठावर गाळ टाकते व काठ उंच करते. काठामागची जमीन तुलनेने सखल राहते. जुनी वस्ती त्या उंच काठावर होती. मागच्या सखल भागातून ओढे, ओघळ वाहत आणि पुराचे पाणी उलट्या दिशेने त्यांच्यातूनच शिरून पसरत असे, आठ दिवसांनी उतरत असे. तेथे ऊस बुडायचा, संसार बुडत नव्हता. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपण वस्ती केली ती याच सखल भागात, आणि ओघळ बुजवून. त्यामुळे पाण्याला पसरायला जागा उरली नाही व जुन्या उंच काठावरही पाणी अधिक चढू लागले, हा निष्कर्ष काढायला जलतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० साली दिलेल्या अहवालातही पूरक्षेत्रातील बांधकामे व अतिक्रमणे यांकडे लक्ष वेधलेले आहे. आपल्या सार्वजनिक चर्चेला मात्र अलमट्टीच्या उंचीचे जेवढे आकर्षण वाटते, तेवढे आपल्याच गल्लीतील ओघळाचे वाटत नाही. कर्नाटकाशी भांडणे सोपे असते. शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल बोलणे कठीण असते.

पाण्याशी कसे वागावे हे पूर्वीच्या बांधकाम करणाऱ्यांना उमगले होते, याचे उदाहरण वाईच्या घाटावर उभे आहे. रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत सरळ नाही. माशाच्या अंगासारखी ती टोकदार करत नेलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आपटत नाही, दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. देवळात पाणी येऊ नये असा हट्ट त्या बांधणाऱ्याने धरला नाही. पाणी येणारच हे गृहीत धरले आणि ते कसे जाईल याची सोय केली.

सांगली-मिरजेच्या भोवती याच्या नेमके उलट घडले, आणि त्याचे नाव गुंठेवारी. हा शब्द मुंबई-पुण्याच्या वाचकाला नीट कळणार नाही, पण सांगलीत प्रत्येक कचेरीत त्याचे माहात्म्य ठाऊक आहे. एकराचा चाळिसावा भाग म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. शेतकऱ्याने शेत बिगरशेती न करताच त्याचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडायचे आणि साध्या कागदावर विकायचे. घेणारा कोण, तर शाळामास्तर, कारकून, कुपवाडच्या कारखान्यातला कामगार. मंजूर नकाशातला भूखंड त्याला परवडत नाही. तो रविवारी दुचाकीवरून पत्नीला घेऊन जागा पाहायला जातो. तो महिना बहुधा मार्च-एप्रिलचा असतो आणि काळ्या जमिनीवर हरभऱ्याची धसकटे उभी असतात. दार पूर्वेला येईल का, रस्ता किती फुटांचा, असे प्रश्न तो विचारतो. "पाणी येते ना?" असे पत्नी विचारते. तिला नळाचे पाणी अभिप्रेत असते. "भरपूर," असे दलाल सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही.

२००१ साली शासनाने गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला. त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीच्या तुकड्यांना त्यात अभय मिळाले. २०२१ साली दुरुस्ती होऊन ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. हजारो कुटुंबांना या कायद्यामुळे रस्ता, दिवे, नळ मागण्याचा हक्क मिळाला, आणि तो मिळणे न्याय्यच होते. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली त्यांना बेकायदा ठरवून हाकलणे हा काही पर्यावरणविचार नव्हे. परंतु कागद नियमित करता येतो, जमिनीची उंची नियमित करता येत नाही. शुल्क भरून जो दाखला मिळतो त्यावर क्षेत्रफळ असते, चतुःसीमा असते. आयर्विन पुलापाशी किती फूट पाणी झाले की या जोत्याला पाणी लागते, हे मात्र नसते. शिवाय अशा कायद्याची मुदत एकदा वाढली की पुढेही वाढेल, असा हिशेब विकणारा व घेणारा दोघेही मनाशी करतात.

नियम नाहीत असे नाही. पूररेषांचा विचार आपल्याकडे १९८९ च्या शासकीय परिपत्रकापासून आहे. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. केंद्रीय जल आयोगाने पूरक्षेत्राच्या विभागणीसाठी आदर्श विधेयकाचा मसुदा १९७५ सालीच राज्यांकडे धाडला होता. मणिपूरसारख्या लहान राज्याने १९७८ साली तसा कायदा केला, आपण परिपत्रकांवर व नियमावलीवर काम भागवले. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी व निळी रेषा यांच्या दरम्यान उद्याने, वाहनतळ, खुला भाजीबाजार अशांखेरीज नवे बांधकाम निषिद्ध आहे. जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्बांधणीला आणि निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यातील बांधकामाला मात्र लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर उंची राखल्यास परवानगी मिळू शकते.

कागदावर हे समंजस वाटते. पण ती उंची गाठायची कशी? खांबांवर घर उचलले आणि खालचा मजला मोकळा ठेवला तर पाणी खालून निघून जाते. भराव टाकून जोते उचलले तर त्या भरावाच्या आकाराएवढे पाणी शेजारच्या घरात जाते. एकाने भराव टाकला की दुसऱ्यालाही टाकावा लागतो, आणि ज्याच्याकडे मुरुमाच्या गाड्यांना पैसे नाहीत तो सर्वांच्या वाटचे पाणी घरात घेतो. खांबांखालची मोकळी जागाही आपल्याकडे फार दिवस मोकळी राहत नाही. प्रथम दुचाकी येतात, मग जाळी येते, मग लोखंडी शटर, आणि एक दिवस तेथे झेरॉक्सचे दुकान सुरू होते. उंचीचा आकडा ठरवून नियम थांबला. उंचावण्याची रीत आणि नंतरची देखरेख ठरवणे हे खरे काम होते.

याच नियमावलीत हरित इमारतींना उत्तेजनही आहे. 'गृह' किंवा तत्सम मूल्यांकनात तीन तारे मिळवणाऱ्यास तीन टक्के, पाच तारे मिळवणाऱ्यास सात टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. जागेच्या निवडीचा विचार अशा मूल्यांकनात असतोही, पण तो अनेक गुणांपैकी थोड्या गुणांपुरता. पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती आहे, तीही पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर. गुंठ्याचे क्षेत्र भरते जेमतेम १०१ चौरस मीटर. म्हणजे उत्तेजन मोठ्या बांधकाम व्यावसायिकाला, सक्तीही त्यालाच, आणि या वस्त्यांतील बहुसंख्य घरे मात्र दोहोंच्या बाहेर. सामान्यांच्या घराला जेथे स्पर्शच होत नाही, त्या धोरणाला पर्यावरणाचे धोरण म्हणणे जड जाते. माण-आटपाडी-जतकडे गेल्यास हे अधिक जाणवते. तेथे जाड धाबे जाऊन पत्रा आला, पैसे असतील तेथे स्लॅब आला. दोन्हीखाली एप्रिलच्या दुपारी बसवत नाही. स्लॅबवर पांढरा चुना फासणे, पश्चिमेच्या भिंतीला झाड किंवा पडवी देणे यांना फारसा खर्च येत नाही. पण घरकुलाच्या अनुदानाचा जो छापील नकाशा येतो त्यात पडवी क्वचितच असते. विटांचेही तसेच. कृष्णाकाठची मळीची माती, जी तयार व्हायला शेकडो पूर लागले, ती दोन-चार फूट खरवडून भट्टीत जाते आणि काठ तेवढा खाली बसतो.

खालच्या अंगाला हे चालले असताना वरच्या अंगाकडेही पाहिले पाहिजे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेथील जुन्या बंगल्यांच्या भिंती जांभ्या दगडाच्या, छपरे उतरती, आणि पावसाच्या बाजूला गवताची आवरणे बांधण्याची रीत होती. डोंगराला धक्का कमी आणि पाणी मुरायला जागा भरपूर. गेल्या काही दशकांत त्या जागी काँक्रीटची विश्रामगृहे आली. निर्बंधांचा काच होतो म्हणून आता दृष्टी पलीकडच्या डोंगरांकडे वळली आहे. सातारा, पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतील दोनशेहून अधिक गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' गिरिस्थानाची योजना राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली व तिचा प्रारूप आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला. या डोंगराळ गावांतील तरुणाला मुंबईला हमाली करण्याऐवजी गावात चार पैसे मिळावेत, ही अपेक्षा कोणीही हिणवू नये. पण हे डोंगर म्हणजे कोयनेचे आणि कृष्णेचे छप्पर आहे. तेथे उतार कापून सपाटी केली, झाडी काढून फरशी घातली, की जे पाणी चार दिवसांनी झिरपत येत असे ते चार तासांत धावत येते. २०२१ साली दरडी कोसळल्या त्या याच सह्याद्रीच्या पाटण तालुक्यात.

मग करायचे काय? एक अगदी साधी, कचेरीतल्या कारकुनालाही हातावेगळी करता येईल अशी गोष्ट सुचवावीशी वाटते. सात-बाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. सोसायटीचा अडीच हजारांचा बोजा त्यात इमानाने चढवला जातो. त्याच रकान्यात, आणि शहरात मिळकत पत्रिकेवर, ही जमीन निळ्या किंवा लाल रेषेच्या आत आहे आणि २०१९ साली येथे इतके फूट पाणी होते, एवढी नोंद का असू नये? डोंगराळ गटांवर दरडप्रवण उताराची नोंद तशीच करता येईल. ही नोंद असली की खरेदीखताच्या वेळी ती वाचली जाईल, बँकेचा अधिकारी कर्ज देताना ती वाचील, आणि आपल्या मास्तराला जी गोष्ट भिंतीवर रेघ ओढल्यावर कळली ती व्यवहाराआधी कळेल. जमिनीचे भाव पडतील, अशी हरकत यावर लगेच येईल, आणि ती खरी आहे. ज्यांची घरे आधीच तेथे आहेत त्यांचे यात नुकसान आहे. म्हणून ही नोंद करतानाच अशा कुटुंबांना उंच जागी स्वस्त भूखंड देण्याची योजना महापालिकेने व शासनाने हाती घेतली पाहिजे. पण भाव पडण्याच्या भीतीने नोंद टाळायची, याचा अर्थ पुढच्या अनभिज्ञ माणसाकडून तो भाव वसूल करायचा, एवढाच होतो.

आणि वरच्या डोंगरांचे आराखडे ठरतात तेव्हा हरकती-सूचनांची एक सुनावणी खाली, सांगलीतही व्हावी. १९४९ पर्यंत ही माणसे एकाच जिल्ह्याची होती. गावभागातला, शामरावनगरातला रहिवासी आपल्या भिंतीवरच्या रेघांची उंची सांगायला तेथे येऊ शकेल.